३८४ केबी गेले कुठे?

प्रति,
मा. संपादक,

विषय: जुन्या संगणकांची मेमरी आणि शाळांचा रॅमवरचा खर्च

महोदय,

रविवारच्या पुरवणीतला जुन्या संगणकांवरचा लेख आवडीने वाचला. फोटो तर फारच छान होते. पण त्यात दोन गोष्टी अशा छापून आल्या की ज्याने ती यंत्रे पोटासाठी उघडली-मिटली त्याला गप्प बसवत नाही. पहिली म्हणजे ‘६४० केबी मेमरी कुणालाही पुरेल’ हे बिल गेट्स यांच्या नावावर दिलेले वाक्य. दुसरी म्हणजे चौकटीतला सल्ला: ‘जुना संगणक मंद वाटतो? रॅम वाढवा, नव्यासारखा पळेल!’ पहिल्या गोष्टीने कुणाचे काही बिघडत नाही. दुसरीने आमच्याकडच्या शाळांचे पैसे जात आहेत, म्हणून हे लांबलचक पत्र. जागेअभावी कापायचेच झाले तर सुरुवात कापा, शाळांचा भाग ठेवा.

गेट्स असे कधी बोलले याचा पुरावा आजवर कुणी दाखवलेला नाही आणि त्यांनी स्वतः ते नाकारले आहे. शिवाय ६४० हा आकडा आला आयबीएमच्या आराखड्यातून. ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएमने पर्सनल कॉम्प्युटर काढला, त्यात इंटेलचा ८०८८ प्रोसेसर होता. मेमरीतल्या जागेचा पत्ता सांगायला त्याच्याकडे २० तारा, प्रत्येकीवर शून्य किंवा एक. दोनाचा विसावा घात केला की १०,४८,५७६ येतात, म्हणजे १०२४ किलोबाइट (केबी), एक मेगाबाइट (एमबी). त्यापलीकडे काही आहे हे त्या प्रोसेसरला ठाऊकच नव्हते. त्यातले खालचे ६४० केबी आयबीएमने प्रोग्रामांसाठी सोडले आणि वरचे ३८४ यंत्राच्या स्वतःच्या कामाला राखले. पडद्याची मेमरी तिथे, डिस्प्ले कार्डाचा रॉम, म्हणजे कायमचा प्रोग्राम भरलेली चिप, तिथे, अगदी माथ्यावर यंत्र सुरू करून देणारा बायोस. त्या पहिल्या यंत्राच्या मदरबोर्डावर जास्तीत जास्त ६४ केबी बसायचे. त्याच्या दहापट वाव ठेवणाऱ्याला कंजूष म्हणणे बरे नव्हे.

एखाद्या गल्लीत घरनंबरांच्या १०२४ पाट्या आहेत असे समजा. त्यातल्या ३८४ सरकारी कचेऱ्यांनी आधीच अडवलेल्या. आता तुम्ही मागे हव्या तेवढ्या खोल्या बांधा, पाटी नसलेल्या खोलीत पोस्टमन जायचा नाही. रॅम विकत घेणे म्हणजे खोली बांधणे. तिला पाटी मिळाली का, आणि पोस्टमनला ती वाचता येते का, हे प्रश्न दुकानदार सहसा काढत नाही. या पत्रात मला सांगायचे आहे ते एवढेच, बाकी सगळा तपशील.

मी अमळनेरचा. स्टेशनच्या बाजूला माझे दुरुस्तीचे दुकान होते, आता भाचा बघतो. आमच्या गावात १९४५ साली वनस्पती तूप काढायला निघालेली कंपनी पुढे विप्रो झाली आणि १९८० च्या दशकात संगणकही बनवू लागली, हे मी दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवत असे. दुरुस्तीच्या दरात त्याने काही फरक पडत नसे. गिऱ्हाईक कोण? जिनिंग-प्रेसिंगवाले, सरकी-ढेपेचे व्यापारी, आडते, पतपेढ्या, आणि नंदुरबारचे मिरचीवाले.

त्या काळी यंत्र चालू केले की काळ्या पडद्यावर मेमरीचे आकडे टकटक मोजले जायचे आणि शेवटी चौकट यायची. ३८६ प्रोसेसरच्या चार एमबीच्या यंत्रावर ती चौकट म्हणायची: बेस मेमरी ६४० केबी, एक्स्टेंडेड मेमरी ३०७२ केबी. बेरीज ३७१२. चार एमबी म्हणजे तर ४०९६. पारोळ्याच्या एका व्यापाऱ्याने माझ्यासमोर कॅल्क्युलेटर काढून वजाबाकी केली, ३८४ आले आणि तो म्हणाला, “मंग मना पैसा पानीमा गयात का, भाऊ?” हिशेबी माणूस, प्रश्न एकदम बरोबर. चिपा तर बोर्डावर बसलेल्या होत्या, पण त्या जागेचे पत्ते पडद्याने आणि रॉमने धरलेले. काही मदरबोर्ड त्या अडलेल्या रॅमचा थोडा उपयोग करून घ्यायचे. रॉम वाचायला संथ असतो, म्हणून चालू होताना बायोसची नक्कल त्या रॅममध्ये उतरवायची आणि पुढे तिथूनच चालवायची. त्याला शॅडो रॅम म्हणत. व्यापाऱ्याला हे पटले, पण बिलातून ३८४ केबीचे पैसे कमी करा ही मागणी त्याने सोडली नाही.

वरची वाढीव मेमरी वापरायच्या दोन रीती होत्या आणि लेखात त्यांची पार खिचडी झाली आहे. एक्स्पांडेड मेमरी ही जुनी युक्ती. लोटस, इंटेल आणि मायक्रोसॉफ्ट यांनी मिळून १९८५ मध्ये तिचे नियम ठरवले. लोटस पुढे होण्याचे कारण उघड आहे: त्यांच्या १-२-३ या हिशेबाच्या प्रोग्रामात लोकांनी केलेले तक्ते ६४० केबीत मावेनात. वरच्या ३८४ मधली ६४ केबीची मोकळी जागा हेरायची, तिचे १६-१६ केबीचे चार भाग करायचे, आणि वेगळ्या कार्डावरच्या मेमरीतला हवा तो तुकडा त्या जागेत आणून दाखवायचा. काम झाले की तो बाजूला, दुसरा आत. प्रोसेसरला पत्ते तेच दिसतात, मागचा माल बदलत राहतो. ८०८८ सारख्या जुन्या यंत्रावरही हे चाले, हीच त्यातली मजा. पण प्रोग्राम त्या नियमांनी लिहिलेला हवा. नसेल तर कार्ड नुसते शोभेला.

एक्स्टेंडेड म्हणजे एक एमबीच्या पुढची सलग मेमरी, ८०२८६ प्रोसेसरपासूनची. तो घेऊन १९८४ मध्ये आयबीएमचे एटी हे यंत्र आले. त्याला पत्त्याच्या २४ तारा, म्हणजे १६ एमबीपर्यंत पोच. पण डॉस ही तेव्हाची ऑपरेटिंग सिस्टिम आणि तिच्याखालचे प्रोग्राम जुन्याच चालीचे, एक एमबीतच फिरणारे. त्यातही काही प्रोग्राम असे होते की एक एमबीचे टोक ओलांडले की पत्ता उलटून शून्यावर येतो हे धरूनच लिहिलेले. नव्या यंत्रावर तो उलटेना. मग आयबीएमने एकविसाव्या तारेवर, शून्यापासून मोजणारे तिला ए२० म्हणतात, एक फाटक बसवले. ते उघडायचे-लावायचे काम दिले कीबोर्ड सांभाळणाऱ्या चिपकडे! कारण काय, तर तिचा एक पाय मोकळा होता. मेमरीचे फाटक आणि चावी कीबोर्डकडे, असा कारभार. हिमेम नावाचा ड्रायव्हर, म्हणजे ही वाढीव मेमरी सांभाळणारा छोटा प्रोग्राम, ‘ए२० लाइन ताब्यात येत नाही’ म्हणून रडायला लागला की नवशिका मुलगा रॅम बदलत बसायचा. मी आधी कीबोर्डच्या चिपकडे बघायला सांगायचो.

ते फाटक उघडले की एक एमबीच्या लगतचे ६५,५२० बाइट जुन्या चालीच्या डॉसलाही हाती लागत. १९९१ च्या एमएस-डॉस ५ ने तिथे स्वतःचाच बराचसा भाग नेऊन ठेवला आणि खालच्या ६४० मध्ये प्रोग्रामांना तेवढी जागा मोकळी करून दिली. ३८६ असेल तर आणखी एक सोय होती. ईएमएम३८६ हा ड्रायव्हर वरच्या ३८४ मधल्या रिकाम्या पत्त्यांवर एक एमबीच्या पुढची खरी रॅम आणून जोडत असे, मग माउस, नेटवर्क, सीडी यांचे ड्रायव्हर तिकडे सरकवता येत.

आमचा धंदा खरा इथे होता. कापसाच्या हंगामात जिनिंगच्या ऑफिसातून निरोप यायचा की महिन्याचा रिपोर्ट काढताना फॉक्सप्रो हा नोंदी ठेवायचा प्रोग्राम ‘मेमरी अपुरी’ म्हणून थांबते. यंत्रात चार एमबी, काही ठिकाणी आठ. मालक म्हणायचे, अजून टाका. मी ‘मेम’ ही आज्ञा देऊन दाखवायचो: वर तीन-चार हजार केबी नुसते पडून आणि खाली मोकळे ५२० च्या आसपास. अडचण खाली, आणि भरती वर करून काय होणार? मग कॉन्फिग फाइल उघडायची. आधी हिमेम, मग ईएमएम३८६, मग डॉस वर नेण्याची ओळ, त्यानंतर एकेक ड्रायव्हर वर चढवायचा. क्रमालाही महत्त्व होते. काही ड्रायव्हर चढताना जास्त जागा मागतात आणि बसल्यावर आखडून बसतात. त्यांना आधी जागा दिली नाही तर ते गुपचूप खालीच राहतात. रंगीत मॉनिटर असेल तर काळ्या-पांढऱ्या पडद्यासाठी राखलेले बी००० ते बी७एफएफ हे पत्ते रिकामे असत. ते मोकळे करायला सांगितले की ३२ केबी आणखी. एवढे केल्यावर सहाशेच्या पुढे मोकळे दिसायचे आणि रिपोर्ट सरसर निघायचा. एक रुपयाची रॅम न घालता. १९९३ च्या डॉस ६ बरोबर हेच काम आपोआप करणारा मेममेकर आला. तोही यंत्र बंद-चालू करत बरेच जमवायचा, पण हाताने केलेल्या कामाची सर त्याला नव्हती, हे माझे मत मी अजून बदललेले नाही.

त्यातलीच एक केस. एका ऑफिसातले यंत्र रोज दुपारनंतर अडकायचे, नेमके दुसऱ्या टेबलावरून फाइल उघडली की. तिथल्या लोकांनी एप्रिलच्या उन्हाला दोष देऊन पंखा लावला होता. आत बघितले तर नेटवर्क कार्डाची स्वतःची छोटी मेमरी डी००० या पत्त्यावर बसलेली. नेटवर्क शांत असताना ती जागा रिकामी वाटते, म्हणून ईएमएम३८६ ने ती धरून तिथे ड्रायव्हर नेऊन ठेवलेला. कार्ड बोलायला लागले की दोघांची एकाच पत्त्यावर मारामारी. ती जागा वगळायची एक ओळ लिहिली आणि यंत्र सुरळीत झाले. पंखा मात्र त्यांनी काढला नाही, ऊन काही खोटे नव्हते.

रॅमच्या पट्ट्यांचाही कायदा होता. ३० पिनांची पट्टी एका वेळी ८ बिट द्यायची. ३८६ एसएक्स प्रोसेसरचा माहिती ने-आण करायचा रस्ता १६ बिटांचा, म्हणून तिथे दोन पट्ट्या एकदम लागत. ३८६ डीएक्स आणि ४८६ ला चार. मुंबईला लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात गेलेला कुणीतरी एकच पट्टी हौसेने घेऊन यायचा, आणि ती बसवली की यंत्र बूटच होत नसे. ७२ पिनांची पट्टी आल्यावर ४८६ चे एकीवर भागू लागले, पण पेंटियमला पुन्हा जोडी हवी. नंदुरबारच्या मिरचीच्या गोदामातला संगणक तर वेगळाच अनुभव. झाकण काढले की स्लॉटच्या खाचेत लाल भुकटी, आणि पुढची पाच मिनिटे फक्त शिंका. पट्टीच्या पिना खोडरबराने घासायच्या, स्लॉटमधून ब्रश फिरवायचा, पट्टी तिरकी घालून उभी करायची, दोन्ही बाजूंचे चिमटे ‘टक्’ वाजले पाहिजेत. निम्म्या वेळा ‘रॅम खराब’ची तक्रार तिथेच मिटायची. त्या हातांनी डोळे चोळू नका असे मी बजावायचो आणि स्वतःच चोळायचो.

पुढे विंडोज आले, ६४० ची कटकट संपली. पण हद्द संपली नाही, ती नुसती वर सरकली. इंटेलचा ४३० टीएक्स हा चिपसेट, म्हणजे प्रोसेसर आणि मेमरी जोडणाऱ्या चिपांचा संच, आपल्याकडे भरपूर होता. त्याची कॅश, म्हणजे लागणारा माल हाताशी ठेवणारी छोटी वेगवान मेमरी, फक्त पहिल्या ६४ एमबीला लागायची. त्यावर १२८ एमबी टाकले की पुढची मेमरी कॅशविना, आणि पैसे खर्चून काही कामे उलट मंदावायची. विंडोज ९८ मध्ये तर ५१२ एमबीच्या वर गेले की ‘मेमरी अपुरी आहे’ असा निरोप यायचा! जास्त आहे म्हणून कमी. फायलींची कॅश मेमरीच्या मापाने पत्त्यांची जागा अडवून बसायची आणि बाकीच्यांना पत्ते उरत नसत. सिस्टिम डॉट आयएनआय या विंडोजच्या सेटिंगच्या फाइलमध्ये त्या कॅशला मर्यादा घालणारी ओळ लिहिली की प्रश्न मिटायचा.

आता शाळांचे. आमच्या भागात बऱ्याच शाळांच्या लॅबमध्ये कुठल्या तरी ऑफिसातून निघालेली किंवा जुन्या योजनेत मिळालेली यंत्रे आहेत. ९४५ चिपसेटचे बोर्ड, एक-दोन जीबी डीडीआर२ रॅम, ३२ बिटांचे विंडोज ७. मुले गुण्यागोविंदाने पेंटमध्ये चित्रे काढतात, मराठी टायपिंग करतात. मग कुणी पुरवठादार येतो, नाव घेत नाही, आणि ‘रॅम वाढवा’ असे सांगून सगळ्या यंत्रांना चार-चार जीबी करून जातो. गावच्या लोकवर्गणीचे पैसे. दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापक सर मला फोन करतात, “भाऊ, चार जीबीचे पैसे दिले, इथे ‘३.२४ जीबी वापरण्याजोगी’ असे दिसते. माल डुप्लिकेट आहे काबर?”

माल डुप्लिकेट नाही. पारोळ्याच्या व्यापाऱ्याचे ३८४ केबी आणि सरांचा पाऊण जीबी एकाच कारणाने अडले. पत्त्याच्या ३२ तारांनी, म्हणजे ३२ बिटांनी, ४,२९,४९,६७,२९६ पत्ते होतात, म्हणजे ४ जीबी. त्यातला माथ्याकडचा पट्टा ग्राफिक्स, इतर कार्डे आणि बायोस यांच्यासाठी राखलेला. त्या पत्त्यांमागची रॅम दिसत नाही. त्यात ग्राफिक्स मदरबोर्डावरचेच असेल तर पडद्यासाठी थोडी रॅम आणखी जाते. काही बोर्ड ही झाकलेली रॅम उचलून ४ जीबीच्या पुढच्या पत्त्यांवर मांडतात, मग ६४ बिटांच्या विंडोजला ती मिळते. ९४५ मध्ये ती सोय नाही, म्हणून त्यावर ६४ बिटांचे विंडोज घातले तरी आकडा साधारण तोच राहतो. चार जीबीच्या वर तर तो बोर्ड स्वीकारतच नाही. तरी एका शाळेला आठ जीबीचे कोटेशन दिलेले मी डोळ्यांनी पाहिले.

कुणी जाणकार म्हणेल की पेंटियम प्रोपासून, म्हणजे १९९५ पासून, ३६ तारा आहेत आणि ३२ बिटांतही ६४ जीबीपर्यंत जाता येते. खरे आहे. लिनक्सची त्या पद्धतीची आवृत्ती ते करायचीही. पण शाळेतल्या ३२ बिटांच्या विंडोज ७ ला मायक्रोसॉफ्टने ४ जीबीची मर्यादा घातलेली आहे, आणि लहान यंत्रांबरोबर येणाऱ्या स्टार्टर आवृत्तीला तर २ जीबीचीच.

एक जीबीवरून दोनवर जाण्यात फायदा आहे, तो मी नाकारत नाही. एक जीबीत विंडोज ७ आणि ब्राउझर एकत्र नांदत नाहीत. पण दोनवरून चारवर जाण्याआधी लॅबच्या शिक्षकांनी एवढे करावे: मुले नेहमीच्या कामाला बसलेली असताना टास्क मॅनेजर उघडून मेमरीचा आलेख बघावा. तो निम्म्यावर असेल आणि यंत्र तरी रेंगाळत असेल, तर रोग रॅमचा नाही. बहुतेक वेळा तो जुन्या फिरत्या हार्डडिस्कचा असतो. त्याच पैशात लहानशी एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली डिस्क, बसवली तर फरक मुलांनाच दिसेल. विंडोज ७ ची सुरक्षा दुरुस्ती जानेवारी २०२० मध्ये थांबली, तेव्हा यंत्र उघडलेच आहे तर हलके लिनक्स घालायचा विचारही व्हावा. मराठी टायपिंगला इनस्क्रिप्ट कीबोर्ड तिथेही आहे.

जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागाला माझी विनंती आहे की शाळेने रॅमचे बिल मंजुरीला पाठवले तर त्याबरोबर त्या मदरबोर्डाची कमाल मर्यादा आणि विंडोज किती बिटांचे आहे, या दोन गोष्टी लिहून मागाव्यात. दोन ओळींचे काम आहे आणि पुरवठादाराला ते नाही म्हणता येणार नाही. आणि संपादक महोदय, तुम्हाला विनंती ही की पुरवणीतला तो चौकटीचा सल्ला पुढच्या रविवारी दुरुस्त करून छापावा. त्याचे कात्रण एका शाळेच्या फळ्याशेजारी चिकटवलेले मी गेल्या आठवड्यात पाहिले.

आपला,
एक जुना संगणक दुरुस्तीवाला,
अमळनेर, जि. जळगाव